टेस्ट ट्यूबमधला रंग बदलला, आता त्याचा अर्थ कसा लावायचा

मोरचूदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, साधारण एक मिली, आणि त्यात डायल्यूट अमोनियाचा एक थेंब सोडा. फिकट आकाशी रंगाचं गढूळ काहीतरी दिसेल. ट्यूब हलवा, अजून दोन-तीन थेंब टाका, गढूळपणा वाढेल. इथे थांबू नका, टाकत राहा, दर थेंबानंतर हलवत राहा, आणि मग एका टप्प्यावर तो सगळा गढूळपणा विरघळून जातो आणि ट्यूबमध्ये शाईसारखा गडद निळा रंग येतो, इतका सुंदर की पहिल्यांदा बघणारा ट्यूब उजेडाकडे धरून बघतच राहतो.

आता जर्नलमध्ये काय लिहिणार? बहुतेक जण लिहितात "निळा रंग आला". पण निळा तर आधीपासून होता ना! इथे तीन वेगवेगळे निळे होऊन गेले. पहिला निळा म्हणजे पाण्याच्या रेणूंनी वेढलेला कॉपरचा आयन, दुसरा फिकट आकाशी म्हणजे कॉपर हायड्रॉक्साइडचा (थोडा बेसिक सल्फेट मिसळलेला) अवक्षेप, म्हणजे द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा घन पदार्थ, आणि तिसरा गडद निळा म्हणजे पाण्याला बाजूला सारून अमोनिया कॉपरला चिकटला त्याचा. तीन पदार्थ, आणि आपण लिहिलं एकच वाक्य.

म्हणून मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो, रंगाचं नाव एकटं फार कमी सांगतं. कुठल्या रंगावरून कुठल्या रंगावर आलं, किती थेंबांनी आलं, अवक्षेप पडला का, जास्त टाकल्यावर तो विरघळला का, ठेवून दिल्यावर बदलला का, हा सगळा क्रम बघितला तर उत्तर मिळतं. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये (अनोळखी क्षारात काय आहे ते ओळखायच्या प्रयोगात) ज्यांची उत्तरं चुकतात त्यातल्या बऱ्याच जणांनी रंग बरोबर बघितलेला असतो, फक्त शेवटचाच बघितलेला असतो.

माझंही असं झालेलं आहे. मोरचूदात पोटॅशियम आयोडाइड टाकलं, तपकिरी-पिवळसर चिखलासारखं काहीतरी झालं, मी लिहून टाकलं "तपकिरी अवक्षेप". आमच्या मॅडमनी काही न बोलता त्यात सोडियम थायोसल्फेट टाकायला लावलं. तपकिरी रंग डोळ्यांदेखत गेला आणि खाली राहिला जवळजवळ पांढरा साका. तपकिरी होतं ते द्रावणातलं आयोडीन, अवक्षेप होता पांढऱ्या क्युप्रस आयोडाइडचा, आणि मी दोघांचा मिळून एक रंग करून टाकला होता. कॉपरने आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेतला, स्वतः क्युप्रिकचा (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला) क्युप्रस (एकच गमावलेला) झाला आणि आयोडाइडचं आयोडीन झालं, ही एवढी मोठी गोष्ट त्या "तपकिरी"मध्ये लपली होती. तेव्हापासून अवक्षेपाचा रंग आणि वरच्या पाण्याचा रंग मी कायम वेगवेगळे लिहितो.

बघायचं कसं

मागे पांढरा कागद धरा. ऐकायला किरकोळ वाटतं पण मँगनीजचा अगदी पुसट गुलाबी रंग कागदाशिवाय दिसतच नाही, आणि पांढरा अवक्षेप बघायला उलट काळं काहीतरी मागे हवं. दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळा आणि रंगहीन यात फरक करणं अवघड जातं, आणि पोटॅशियम क्रोमेट टाकून केलेल्या क्लोराइडच्या टायट्रेशनमध्ये (थेंब थेंब टाकून प्रमाण मोजायच्या प्रयोगात) पिवळ्यावरून विटकरी झाक आली का नाही हे ठरवताना तर डोळे दुखतात. फिकट रंग असेल तर ट्यूब बाजूने न बघता पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून खाली तोंडातून बघा (तोंडाजवळ चेहरा न नेता, आणि गरम करत असताना अजिबात नाही), द्रावणाची जाडी वाढते म्हणून रंग गडद दिसतो.

शेजारी एक तुलनेची ट्यूब ठेवा. म्हणजे तुमच्या द्रावणात जेवढं रिएजंट (तपासायला टाकायचं रसायन) टाकलं तेवढंच नुसतं पाणी टाकलेली त्याच द्रावणाची दुसरी ट्यूब. रंग फिका झाला तो रिअ‍ॅक्शनमुळे की पातळ झाल्यामुळे, हे त्याशिवाय कळत नाही. आणि तिसरी ट्यूब, त्यात नुसतं पाणी आणि रिएजंट. रिएजंटची बाटली जुनी असेल, त्यात आधी कोणी घाणेरडा ड्रॉपर घातला असेल, तर ही तिसरी ट्यूब लगेच चुगली करते.

शब्दांचं एक बघा. "क्लिअर" आणि "रंगहीन" हे दोन वेगळे शब्द आहेत. मोरचूदाचं द्रावण क्लिअर आहे पण रंगहीन नाही. सिल्व्हर क्लोराइडचं दुधाळ मिश्रण क्लिअर नाही पण त्याला तसा रंगही नाही. परीक्षकाला "सोल्युशन क्लिअर झालं" म्हणून सांगितलं तर तो विचारणार, म्हणजे नक्की काय झालं, अवक्षेप विरघळला की रंग गेला?

अवक्षेपाचा पोतही लिहा. जेलीसारखा, दह्यासारखा गुठळ्यांचा, बारीक भुकटीसारखा, चमकदार स्फटिकांचा. हायड्रॉक्साइड बहुतेक जेलीसारखे असतात, सिल्व्हर क्लोराइड गुठळ्यांचं, बेरियम सल्फेट बारीक आणि जड. रंग सारखा असला तरी पोत वेगळा असतो, आणि पांढऱ्यांच्या बाबतीत पोतच जास्त कामी येतो.

मेटल सॉल्टला रंग येतो कुठून

हे थोडक्यात, कारण याशिवाय पुढचं पाठांतर होतं. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. द्रावण त्यातला एखादा भाग गिळतं आणि उरलेला आपल्याला दिसतो. मोरचूदाचं द्रावण लाल टोकाला आणि त्याच्याही पलीकडे, ८०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून निळसर दिसतं. अमोनिया चिकटला की हे शोषण सरकून ६०० च्या आसपास येतं, म्हणजे नारिंगी भाग गिळला जातो, शिवाय शोषणाचं प्रमाणही वाढतं, म्हणून तो रंग गडद आणि जांभळटाकडे झुकलेला.

कुठला रेणू चिकटल्यावर शोषण किती सरकतं याचा एक ठरलेला क्रम आहे, तो जपानी शास्त्रज्ञ र्युतारो त्सुचिदा यांनी १९३८ मध्ये मांडला. आयोडाइड, क्लोराइड एका टोकाला, पाणी मध्ये, अमोनिया त्याच्या पुढे, सायनाइड दुसऱ्या टोकाला. आणि मुळात मेटलभोवती रेणू ठरावीक रचनेत बसतात हे ज्यांनी सांगितलं त्या आल्फ्रेड वेर्नर यांना १९१३ चं नोबेल मिळालं. तेव्हा एक्स-रेने रचना बघायची सोय नव्हती, त्यांचे पुरावे म्हणजे संयुगांचे रंग, त्यांचे वेगवेगळे आयसोमर (तेच अणू, पण मांडणी वेगळी) आणि द्रावणातून वीज किती जाते याची मोजमापं. मला हे फार भारी वाटतं.

झिंक, अ‍ॅल्युमिनियम, लेड, सिल्व्हर, कॅल्शियम, बेरियम यांचे आयन रंगहीन, कारण त्यांचे डी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन राहतात त्या जागांचा एक गट) एकतर पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे, इलेक्ट्रॉनला त्यात उडी मारायला जागाच नाही. मग क्रोमेट पिवळं आणि परमँगनेट जांभळं कसं, त्यातही डी रिकामेच असतात ना? तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मेटलकडे उडी घेतो, आणि अशा उडीचा रंग खूप जोरदार असतो. परमँगनेटचा एक थेंब बीकरभर पाणी गुलाबी करतो ते त्यामुळेच. मोरचूदाचा एक थेंब टाकून बघा, काही दिसणार नाही.

कमी टाका, मग जास्त टाका

कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि अमोनिया ही दोन रिएजंट नीट वापरता आली तरी अर्धं काम होतं. नियम एकच, थेंब थेंब. एकदम ओतलं की अवक्षेप पडून विरघळून गेलेला असतो आणि तुम्ही लिहिता "काही झालं नाही". झिंकच्या द्रावणात कॉस्टिक सोडा भसकन ओतला तर नेमकं हेच होतं, पांढरा अवक्षेप पडतो आणि जास्तीच्या सोड्यात विरघळतो. अ‍ॅल्युमिनियमचंही तसंच. मग दोघांत फरक कसा करायचा? अमोनियाने. झिंकचा हायड्रॉक्साइड जास्तीच्या अमोनियात विरघळतो, अ‍ॅल्युमिनियमचा नाही, तो जेलीसारखा तसाच तरंगत राहतो. दोन रंगहीन मेटल, दोन पांढरे अवक्षेप, पण दोन रिएजंटमध्ये दोघांचं वागणं बघितलं की ओळख पटते.

कॉपर अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबर उलटा. कॉस्टिक सोड्यात निळा जेलीसारखा अवक्षेप पडतो आणि नेहमीच्या डायल्यूट सोड्यात तो जास्त टाकूनही तसाच राहतो, तर अमोनियात मघाशी बघितलं तसा विरघळून गडद निळा होतो. त्या निळ्या जेलीला नुसतं गरम केलं तर ती काळी पडते, कारण पाणी निघून जाऊन कॉपर ऑक्साइड होतं. कोणी "काळा अवक्षेप" म्हणून सल्फाइडचा अंदाज बांधतात, पण गरम केल्यानंतर काळा झाला की गरम न करताच, हे लिहिलेलं असेल तर असा घोळ होत नाही.

थेंबाची मोजदाद ठेवा. साधा ड्रॉपर असेल तर एक मिलीत साधारण २० थेंब येतात. नोंद अशी दिसायला हवी: "फिकट निळं क्लिअर द्रावण, १ मिली. डायल्यूट अमोनिया २ थेंब, फिकट आकाशी जेलीसारखा अवक्षेप, वरचं पाणी अजून निळसर. ८ थेंब, अवक्षेप विरघळायला लागला. १५ थेंब, अवक्षेप नाही, गडद निळं क्लिअर द्रावण." तुमचे आकडे वेगळे येतील, द्रावणं किती तीव्र आहेत त्यावर ते आहे, पण अशी नोंद वाचून कोणीही सांगू शकेल की कॉपर आहे.

हिरव्यांचा गोंधळ

अनोळखी द्रावण हिरवट निघालं की सगळे गोंधळतात, कारण फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, तीन गमावले की फेरिक) फिकट हिरवं, निकेल हिरवं, क्रोमियम हिरवं, आणि तीव्र कॉपर क्लोराइडसुद्धा हिरवं. नुसतं बघून सांगता येईल असं मला वाटत नाही, सांगूही नये. शेवटच्यासाठी तर फक्त पाणी पुरेसं आहे. कॉपर क्लोराइडच्या हिरव्या द्रावणात पाणी घालत गेलात की ते निळं होत जातं, कारण कॉपरला चिकटलेले क्लोराइड सुटतात आणि पाणी चिकटतं. उलट मोरचूदाच्या द्रावणात कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं की ते हिरवं होऊन पुढे पिवळट हिरवं होतं. पातळ केल्यावर रंग फक्त फिका झाला तर पदार्थ तोच राहिला, पण रंगाची जातच बदलली तर आत काहीतरी अदलाबदल झाली.

बाकीच्या तिघांत कॉस्टिक सोडा टाका. निकेलचा अवक्षेप स्वच्छ फिकट हिरवा, जास्त सोड्यात विरघळत नाही, हवेत ठेवला तरी हिरवाच राहतो. फेरसचा मळकट हिरवा, आणि ट्यूब पाच-दहा मिनिटं स्टँडला ठेवलीत की वरच्या कडेपासून तपकिरी व्हायला लागतो, हवेतला ऑक्सिजन फेरसचं फेरिक करतो म्हणून. ती तपकिरी कड वरून खाली उतरत जाते ते मुद्दाम थांबून बघा, हवेशी संबंध आहे हे त्यावरूनच कळतं. क्रोमियमचा राखाडी-हिरवा, आणि जास्तीच्या सोड्यात विरघळून गडद हिरवं द्रावण होतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून गरम केलं तर पिवळं क्रोमेट. मग थंड करून जपून सल्फ्युरिक अ‍ॅसिडने आम्लधर्मी केलं तर नारिंगी डायक्रोमेट. पेरॉक्साइड नीट उकळून घालवलं नसेल तर आम्ल टाकल्यावर मध्येच एक निळा रंग चमकून जातो आणि हळूहळू हिरवा होतो, तो पेरॉक्सो क्रोमियमचा, त्याने घाबरू नका, ती क्रोमियमची स्वतःची खूण आहे.

निकेलची पक्की खूण म्हणजे डायमिथाइल ग्लायऑक्झिम. लेव्ह चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ही रिअ‍ॅक्शन शोधली आणि अजूनही तिच्यापुढे दुसरी कुठली सुचत नाही. अमोनियाने जरा बेसिक केलेल्या निकेलच्या द्रावणात त्या ग्लायऑक्झिमचे दोन थेंब, आणि गुलाबी-लाल रंगाचा भरघोस अवक्षेप. हिरव्यातून लाल! पण आम्ल जास्त असेल तर अवक्षेप पडणारच नाही, त्यामुळे "लाल आला नाही, म्हणजे निकेल नाही" असं लिहिण्याआधी लिटमस लावून बघा.

लोखंडाचे दोन अवतार

फेरस आणि फेरिकवर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फेरिकचं द्रावण पिवळं-तपकिरी, कॉस्टिक सोड्यात विटकरी-तपकिरी अवक्षेप. थायोसायनेट टाकलं की रक्तासारखा लाल. पोटॅशियम फेरोसायनाइड टाकलं की गडद प्रशियन ब्लू, जो रंग म्हणून १८ व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये योगायोगाने तयार झाला होता. फेरसला मात्र फेरिसायनाइड लावायचं, निळा रंग तोच येतो. म्हणजे फेरिकला फेरो आणि फेरसला फेरी, उलटसुलट, कारण त्या निळ्या पदार्थात दोन्ही प्रकारचं लोखंड लागतं.

आता घोळ कुठे होतो बघा. हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) द्रावण दोन दिवस उघडं राहिलं तर त्यातलं थोडं फेरस फेरिक होतं. त्यात थायोसायनेट टाकलं की हलका लाल रंग येतोच, आणि मुलं लिहितात "फेरिक आहे". थायोसायनेटची ही टेस्ट इतकी तिखट आहे की अगदी नाममात्र फेरिकलाही ती लाल होते. म्हणून लाल किती हे बघायचं, शेजारी ठरलेल्या तीव्रतेच्या फेरिकची ट्यूब ठेवून. ताजं हिराकस थोड्या डायल्यूट सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून लगेच वापरलं तर हा त्रास बराच कमी होतो.

त्याच लाल द्रावणात सोडियम फ्लोराइड टाकलं तर रंग जातो, फ्लोराइड फेरिकला जास्त घट्ट धरतं आणि तयार होणारं संयुग रंगहीन आहे. लोखंड ट्यूबमध्येच आहे, फक्त दिसत नाही. रंग गेला म्हणजे मेटल गेलं असं समजू नये. मोरचूदात झिंकचा तुकडा टाकून ठेवलात तर तिथेही निळा रंग फिका होत जातो, पण तिथे कॉपर खरोखर द्रावणातून बाहेर पडलेलं असतं, तुकड्यावर तांबूस-काळपट थर दिसतो. रंग जाताना दुसरीकडे काय आलं ते शोधायचं.

गरम, थंड, आम्ल, अल्कली

कोबाल्ट क्लोराइडसारखा शिक्षक नाही. गुलाबी द्रावणात कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालत जा, जांभळट होऊन मग गडद निळं. पाणी घाला, परत गुलाबी. मधल्या जांभळट स्थितीत आणून एक ट्यूब गरम पाण्यात आणि एक बर्फात ठेवा, गरम निळी आणि थंड गुलाबी. ट्यूबा अदलाबदल केल्या की रंगही अदलाबदल. गुलाबी रूपात कोबाल्टभोवती सहा पाण्याचे रेणू, निळ्या रूपात चार क्लोराइड, आणि चौघांच्या रचनेत प्रकाश कितीतरी जास्त शोषला जातो, त्यामुळे थोडंसं निळं झालं तरी ते गुलाबीला झाकून टाकतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण "निळं दिसतंय म्हणजे सगळं निळं झालं" असा हिशोब करता येत नाही.

मागे-पुढे होणारा बदल आणि एकाच दिशेने जाणारा बदल यात फरक करायला हीच युक्ती, उलट करून बघा. क्रोमेटचा पिवळा आम्लात नारिंगी होतो, अल्कलीत परत पिवळा, म्हणजे तोल सरकतोय, क्रोमियमची ऑक्सिडेशन अवस्था तीच. पण नारिंगी डायक्रोमेट फेरसबरोबर हिरवं झालं तर अल्कली टाकून पिवळं येणार नाही, तिथे इलेक्ट्रॉनची देवघेव होऊन गेली.

गरम-थंडचा सगळ्यात देखणा नमुना लेड आयोडाइडचा. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड, दोन्ही रंगहीन, एकत्र केली की गडद पिवळा अवक्षेप. पाणी घालून उकळा, विरघळून रंगहीन, कारण उकळत्या पाण्यात ते गार पाण्याच्या साधारण पाचपट विरघळतं. तसंच गार होऊ द्या, सोनेरी चमकत्या पापड्या खाली उतरतात. मात्र आयोडाइड फार जास्त टाकू नका, तीव्र आयोडाइडमध्ये तो अवक्षेप पुन्हा विरघळतो आणि हाती काही लागत नाही.

फसवणारे रंग

काही वेळा रिअ‍ॅक्शन झालेलीच नसते. पिवळं फेरिक आणि निळं कॉपर मिसळलं की हिरवं दिसतं, नुसती रंगांची बेरीज. निकेलचं हिरवं आणि कोबाल्टचं गुलाबी नेमक्या प्रमाणात मिसळलं तर दोघं एकमेकांना खोडतात आणि द्रावण राखाडी, जवळजवळ बिनरंगी दिसतं. नवीन माणूस म्हणेल की दोन्ही मेटल गायब झाली! तपासायला सोपा मार्ग, दोन ट्यूबा न मिसळता एकामागे एक धरा आणि आरपार बघा. तसाच रंग दिसला तर मिसळल्याने काही नवीन झालेलं नाही.

फेरिक क्लोराइडमध्ये आयोडाइड टाकलं की तपकिरी होतं, पण फेरिक आधीच पिवळं-तपकिरी, मग बदल झाला का? स्टार्चचा एक थेंब, निळा-काळा झाला तर आयोडीन सुटलंय.

परमँगनेट फेरसमध्ये टाकताना जांभळा रंग जाऊन रंगहीन व्हायला हवं. तपकिरी गढूळ झालं तर आम्ल कमी पडलंय, मँगनीज अर्ध्या वाटेवर मँगनीज डायऑक्साइडलाच अडकलं. तो तपकिरी रंग दिसला की ते रीडिंग टाकून द्या, पुन्हा करा.

पांढऱ्यांची परीक्षा

सिल्व्हर नायट्रेटमध्ये क्लोराइड पांढरा, ब्रोमाइड फिकट पिवळसर-पांढरा, आयोडाइड पिवळा. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्या दोघांत फरक करणं कठीण, म्हणून अमोनिया. क्लोराइड डायल्यूट अमोनियात विरघळतो, ब्रोमाइडला कॉन्सन्ट्रेटेड लागतो, आयोडाइड दोन्हीत नाही. उजेडात ठेवलं की क्लोराइड जांभळट-राखाडी होतो, तो बदल चुकून "नवीन अवक्षेप" म्हणून लिहू नका. मँगनीजचा हायड्रॉक्साइडही पांढराच पडतो पण हवेत लगेच तपकिरी व्हायला लागतो, त्यामुळे पांढरा अवक्षेप पडल्या पडल्या वेळ लिहून ठेवा आणि दहा मिनिटांनी परत बघा.

जपायचं काय

गॉगल आणि ग्लोव्हज सुरुवातीपासून, कॉन्सन्ट्रेटेड अमोनिया आणि अ‍ॅसिड फ्यूम हुडमध्ये. क्रोमेट-डायक्रोमेटने कॅन्सर होऊ शकतो, निकेल आणि कोबाल्टची सॉल्ट त्वचेला अ‍ॅलर्जी देतात, लेड शरीरात साठत जातं, त्यामुळे यातलं काहीही बेसिनमध्ये ओतायचं नाही, प्रत्येकाची वेस्टची बाटली वेगळी. सिल्व्हर आणि अमोनियाचं द्रावण कधीही झाकून ठेवून घरी जायचं नाही, ठेवल्यावर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो, काम झालं की लगेच डायल्यूट नायट्रिक अ‍ॅसिडने आम्लधर्मी करून वेस्टमध्ये. फेरोसायनाइड-फेरिसायनाइड तीव्र गरम अ‍ॅसिडमध्ये टाकू नका, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. ज्यांना लाल-हिरव्यात फरक करायला त्रास होतो त्यांनी तो लपवू नये, जोडीदाराला रंग वाचायला सांगावं आणि स्वतः अवक्षेप, पोत, विरघळणं हे बघावं, बहुतेक ओळखी त्यावरही होतात.

एक मिश्रण सोडवून बघू

समजा तुम्हाला हिरवट-पिवळं क्लिअर द्रावण दिलंय. अमोनिया थेंब थेंब टाकल्यावर मळकट, कुठलाच नाव देता येणार नाही असा चिखल झाला. इथे बरेच जण त्या चिखलाला "तपकिरी-हिरवा अवक्षेप" असं नाव देऊन पुस्तकात तसा पदार्थ शोधत बसतात, जो कुठेच नाही.

अमोनिया टाकत राहा, वास स्पष्ट येईपर्यंत, आणि मग ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नसेल तर फिल्टर पेपरमधून गाळा. खाली विटकरी-तपकिरी जेली, वरचं पाणी गडद निळं. चिखलाचे दोन रंग सुटे झाले. निळं पाणी वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या, लिटमस लाल होईपर्यंत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घाला, निळा फिका पडेल, त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब. लालसर-चॉकलेटी अवक्षेप आला की कॉपर नक्की.

तपकिरी जेली आता अमोनिया मिसळलेल्या पाण्याने धुवा, आणि धुतलेलं पाणी निळसर येईनासं होईपर्यंत धुवा, दोन-तीन वेळा तरी. ही पायरी कंटाळवाणी आहे पण टाळू नका, कारण मागे राहिलेलं कॉपर थायोसायनेटबरोबर काळपट अवक्षेप देतं आणि पुढची टेस्ट बिघडवतं. धुतलेली जेली डायल्यूट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवा, पिवळं द्रावण मिळेल, त्यात थायोसायनेटचा एक थेंब. लाल झालं की फेरिक. मग मूळ द्रावणाचा तो हिरवट-पिवळा रंग आठवा, पिवळं फेरिक आणि निळं कॉपर नुसते एकत्र बसलेले होते, आणि खात्री करायची असेल तर फेरिक क्लोराइड आणि मोरचूदाची सुटी द्रावणं दोन ट्यूबांत घेऊन एकामागे एक धरून उजेडाकडे बघा.